रिचमंडची दोराची टेकडी

दोर सारखा फिरतो आहे. पायथ्याशी एक चाक, वर झाडांच्या कडेला दुसरं चाक, आणि दोहोंमध्ये कमरेएवढ्या उंचीवरून सरकत चाललेला जाडजूड, बर्फाच्या पाण्यानं भिजून जड झालेला दोर. पोरं रांगेनं येतात, पायातल्या स्की दोराला समांतर लावतात आणि दोर आधी हातमोज्यांतून नुसता घसरू देतात. मग मूठ हळूहळू आवळत नेतात. दोराचा वेग आणि अंगाचा वेग जुळला की पोर अलगद वर निघतं. घाई करून एकदम घट्ट धरलं, तर खांद्याला असा हिसका बसतो की माणूस तोंडावर आपटतो. माझ्यासमोर आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा आपल्या धाकट्या बहिणीला हेच सांगतो आहे. ती दोनदा पडते. तिसऱ्यांदा तो तिच्या मागे उभा राहतो, तिचं ओझं आपल्या पोटावर घेतो आणि दोघं एका दोरावर वर जातात.

मार्चचा आरंभ आहे, रविवार आहे, आणि मी अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या व्हरमाँट राज्यात, रिचमंड नावाच्या गावाबाहेर कॉक्रन कुटुंबाच्या टेकडीच्या पायथ्याशी उभी आहे. रात्री पारा शून्याच्या बराच खाली होता. आता ऊन आहे आणि बर्फाचा वरचा थर थोडा मऊ पडू लागला आहे. टेकडीची उंची पायथ्यापासून जेमतेम शंभर-सव्वाशे मीटर भरेल. खुर्च्यांची लिफ्ट एकही नाही. हा दोर आहे, थोडं पलीकडे उलट्या टी-आकाराच्या दांड्यांची ओढ आहे, आणि अगदी चिमुरड्यांसाठी एक छोटी ओढ आहे. बाकी लाकडी लॉज, गाड्या उभ्या करायला मैदान आणि मेपलची झाडं. झाडांच्या बुंध्यांतून निळसर नळ्या निघून एकमेकींना जोडत उताराखाली गेल्या आहेत.

माझी भाची इथून अर्ध्या तासावर एसेक्स जंक्शनला राहते. तिथल्या चिप बनवण्याच्या कारखान्यात ती इंजिनिअर आहे. हा कारखाना पूर्वी आयबीएमचा होता, २०१५ पासून ग्लोबलफाउंड्रीजचा आहे, आणि त्याच्यामुळे आपली बरीच मराठी, तेलुगू, तमिळ घरं या भागात येऊन वसली. भाचीची मुलगी सहा वर्षांची आहे. आज तिची शर्यत आहे. तिच्या अंगावरच्या जाड कोटावर कापडी बिब बांधलेलं आहे आणि त्यावरचा आकडा तिच्या पोटापेक्षा मोठा आहे.

"आजी, तू खाली थांब," ती मला बजावते. "खाली आलं की लॉलीपॉप मिळतं. सगळ्यांना."

शर्यतीचं नावच लॉलीपॉप शर्यत आहे. रविवारी मुलं दांड्यांमधून वळत खाली येतात, वेळ नोंदली जाते आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येकाच्या हातात एक लॉलीपॉप पडतं. भाचीनं सकाळीच माझं काम ठरवून टाकलं आहे. लॉलीपॉपची बादली माझ्याकडे आहे.

"मावशी, इथं नुसतं बघत कोणी उभं राहत नाही," असं म्हणून तिनं स्वतः स्की चढवल्या आणि दोर धरून वर गेली. तिच्याकडे मधल्या चार दांड्यांची, म्हणजे गेटांची, राखण आहे. पोरगं दांड्याच्या योग्य बाजूनं वळलं की नाही ते बघायचं, चुकलं तर कागदावर खूण करायची, दांडा आडवा झाला तर पुन्हा रोवायचा. तिच्या वरच्या बाजूला एक दंतवैद्य उभे आहेत, खालच्या बाजूला शाळेची बस चालवणाऱ्या बाई. दोन पोरांचा बाप मार्गावरून स्की आडव्या करून घसरत येतो आहे, म्हणजे वळणावळणाला पडलेल्या खोबणी भरून निघतील आणि नंतरच्या पोरांनाही पहिल्या पोराइतकाच सपाट बर्फ मिळेल. वेळ मोजणाऱ्या खोपटात पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ बसले आहेत. त्यांची स्वतःची मुलं इथंच शिकली, ती आता चाळिशी ओलांडून गेली, आणि हे मात्र दर हिवाळ्यात खोपटात येऊन बसतात.

पहिलं पोर सुटतं. तीन वर्षांचं असावं. आईच्या दोन पायांच्या मध्ये त्याचे दोन पाय, तिचे हात त्याच्या काखेत. दोघं दांड्यांना वळसे घालत इतक्या सावकाश येतात की खोपटातले गृहस्थ कर्ण्यावरून त्यांचं नाव दोनदा पुकारतात. शेवटच्या दोन दांड्यांपाशी आई हात सोडते. पोर एकटं, पाचर घातल्यागत स्कीची टोकं जुळवून, सरळ माझ्या दिशेनं येतं आणि थांबता न आल्यानं माझ्या गुडघ्यांवर आदळतं. मी बादली पुढे करते. ते लाल रंगाचं लॉलीपॉप निवडतं. पायथ्याशी उभी असलेली सगळी माणसं, त्याची कोणी असोत नसोत, टाळ्या वाजवतात.

या जागेची कहाणी रिचमंडमध्ये कोणालाही विचारली तरी सांगतात. मिकी कॉक्रन हे बर्लिंग्टनला जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर होते. त्यांनी आणि पत्नी जिनी यांनी हे शेत घेतलं ते मागे उतार होता म्हणून. १९६१ च्या हिवाळ्यात त्यांनी घरामागे सव्वाशे मीटरच्या आसपास दोर बसवला, तो आपल्या चार मुलांसाठी. मॅरिलिन, बार्बरा अ‍ॅन, बॉब आणि लिंडी. शाळा सुटली की दप्तर टाकायचं आणि मागच्या दारातून टेकडीवर. हिवाळ्यात इथं चार-साडेचारलाच अंधारून येतं, म्हणून दिवे लावले. शेजारची मुलं आली, त्यांना नाही म्हटलं नाही. मग गावातली आली, मग आसपासच्या गावांतली.

पुढचं सगळं स्पर्धांच्या नोंदींत आहे. चारही मुलं अमेरिकेच्या राष्ट्रीय संघात गेली. मॅरिलिन यांनी १९६९ मध्ये जायंट स्लॅलम या दांड्यांमधून वळत उतरायच्या प्रकारात विश्वचषक मालिकेचं विजेतेपद मिळवलं. १९७२ च्या फेब्रुवारीत जपानच्या साप्पोरोला ऑलिंपिकमध्ये बार्बरा अ‍ॅन यांनी स्लॅलमचं सुवर्णपदक जिंकलं. १९५२ मध्ये ऑस्लोला याच व्हरमाँटच्या अँड्रिया मीड लॉरेन्स यांनी दोन सुवर्णपदकं मिळवली होती. त्यानंतर अल्पाइन स्कीइंगमधलं अमेरिकेचं पहिलं सुवर्ण ते हेच. फरक किती होता? दोन फेऱ्यांची बेरीज करून ०.०२ सेकंद. उतारावरच्या वेगात तेवढ्या वेळात हातभर अंतरसुद्धा धड कापून होत नाही.

या टेकडीवर तेवढा बारकावा कसा घडला, हे मी आज डोळ्यांनी बघते आहे. वर जायला दोन-तीन मिनिटं, खाली यायला अर्धं-पाऊण मिनिट. दोराला रांग जवळजवळ नाहीच. शर्यत सुरू व्हायच्या आधीच्या तासाभरात माझ्या नातीनं किती फेऱ्या मारल्या ते मोजणं मी सोडून दिलं. मोठ्या डोंगरावर खुर्चीच्या रांगेत उभं राहायचं, दहा-पंधरा मिनिटं वाऱ्यात लटकत वर जायचं, मग एक लांब उतार, मग पुन्हा रांग. इथं मूल वळण चुकतं, लगेच वर जातं आणि चूक अंगात ताजी असतानाच तेच वळण पुन्हा घेतं. रोज शाळेनंतर दोन तास असं केलेल्या मुलाच्या पायांत दहा वर्षांत किती वळणं साठत असतील! कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पेठेतली तालीम अशीच असते. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, फी नाममात्र, वस्ताद ओळखीचा, आणि रोज त्याच मातीत.

कोल्हापूरचा विषय निघालाच आहे तर आकडे सांगते, कारण ते कळल्याशिवाय या राज्याचा अंदाज येत नाही. व्हरमाँटचं क्षेत्रफळ कोल्हापूर जिल्ह्याच्या तिपटीहून जास्त आहे आणि माणसं त्याच्या सहाव्या हिश्शाइतकी. २०२० च्या जनगणनेत अख्ख्या राज्याची लोकसंख्या ६,४३,०७७ भरली. राजधानी माँटपेलियर आठ हजार वस्तीची, अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांच्या राजधान्यांत सर्वांत लहान. एकही मोठा व्यावसायिक संघ या राज्यात नाही. बेसबॉल आणि आइस हॉकीसाठी लोक बॉस्टनच्या संघांकडे बघतात, उत्तरेकडच्या सीमेवरचे काही माँट्रियलकडे. स्वतःचं म्हणावं असं जे आहे ते शाळेचं, विद्यापीठाचं आणि गावाचं.

आता नातीची पाळी. वर, झाडांच्या सावलीत, लाकडी काठीपाशी तिचं लाल हेल्मेट दिसतं. कर्ण्यावरून नाव येतं. अमेरिकन जिभेवर ते थोडं वाकडं होतं, पण मायेनं घेतलेलं असतं. ती सुटते. पहिली तीन वळणं छान. चौथ्या दांड्याला तिचा वेग वाढतो, वळायला उशीर होतो आणि ती दांड्याच्या चुकीच्या बाजूनं खाली निसटते. ती थांबते. मान वळवून वर बघते.

"वर चढ, वर!" तिच्या आईचा आवाज मराठीत येतो. दांड्यांच्या राखणदाराला मदत करायची मुभा नसते, पण ओरडायला कोणाची बंदी नाही. दंतवैद्यही ओरडतात, बसवाल्या बाईही, आणि पायथ्याशी असलेले आम्ही सगळेच.

ती स्कीच्या कडा बर्फात रुतवून, एकेक पाऊल आडवं टाकत वर चढू लागते. दोन पावलं चढते, एक पाऊल घसरते. खोपटातलं घड्याळ चालूच आहे. पुढचं पोर वर खोळंबलं आहे, आणि त्याचा बाप अजिबात कुरकुर करत नाही, उलट तोच सर्वांत मोठ्यानं हाका घालतो आहे. ती दांड्याच्या वर पोहोचते, योग्य बाजूनं वळते आणि उरलेला मार्ग पुरा करते. खाली आल्यावर तिचे गाल लालबुंद झालेले आहेत. वेळ किती लागला हे ती विचारत नाही. बादलीत हात घालते, हिरवं लॉलीपॉप काढते आणि विचारते, "आजी, मी गेट चुकवलं नाही ना? परत केलं ना मी?"

"केलंस," मी म्हणते.

मग ती तशीच दोराकडे निघते.

दुपारी मुलांची शर्यत आटोपल्यावर सगळे लॉजमध्ये शिरतात. आत ओल्या लोकरीचा आणि गरम चॉकलेटचा वास आहे. लांब लाकडी टेबलांवर घरून आणलेले डबे उघडले जातात. आमच्या डब्यात थालीपीठ आणि लोणी आहे. शेजारच्या कुटुंबाला ते ओळखीचं आहे. आधीच्या रविवारी त्यांनी चाखलेलं असावं, कारण त्यांचा मुलगा न विचारताच हात पुढे करतो. भिंतींवर जुने बिब, फोटो, संघाचे गणवेश. त्यात कॉक्रनांची दुसरी पिढी आहे आणि तिसरीही. नातवंडांपैकी कितीतरी जण राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचले. बार्बरा अ‍ॅन यांचे चिरंजीव रायन कॉक्रन-सीगल याच दोरावर मोठे झाले. २०२१ च्या जानेवारीत ऑस्ट्रियातल्या किट्झब्यूएलच्या उतारावर पडून त्यांच्या मानेचं हाड मोडलं. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत, बीजिंग ऑलिंपिकमध्ये, त्यांनी सुपर-जी प्रकारात रौप्यपदक घेतलं. सुवर्ण हुकलं ते ०.०४ सेकंदानं. आईच्या सुवर्णाला तेव्हा बरोबर पन्नास वर्षं झाली होती.

टेबलापलीकडे हिरव्या-सोनेरी रंगांचं जॅकेट घातलेल्या एक आजी बसल्या आहेत. ते रंग बर्लिंग्टनच्या व्हरमाँट विद्यापीठाचे. जॅकेटवर कॅटामाउंट आहे, म्हणजे इथल्या डोंगरांतला सिंह. इथला शेवटचा कॅटामाउंट १८८१ मध्ये बार्नार्ड गावात मारला गेला, आता तो या संघांच्या छातीवर उरला आहे. मी फुटबॉलचं नाव काढते आणि आजींचा चेहरा उजळतो. १६ डिसेंबर २०२४ ची रात्र त्या क्षणाक्षणानं सांगतात. उत्तर कॅरोलायनातल्या केरी इथं विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना, समोर मार्शल विद्यापीठ. व्हरमाँटला मानांकनसुद्धा नव्हतं. एक गोलनं मागे पडले, बरोबरी साधली आणि जादा वेळेत २-१ ने जिंकले. व्हरमाँटच्या फुटबॉल संघाचं ते पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. त्या थांबत नाहीत. २००५ मध्ये बास्केटबॉलच्या संघानं सिरॅक्यूजसारख्या बलाढ्य विद्यापीठाला जादा वेळेत हरवलं तेही त्यांना पाठ आहे, आणि हॉकीच्या रिंगणात विद्यार्थी म्हणून खेळताना मार्टिन सँ लुई यांना बघितल्याचंही. बुटका म्हणून व्यावसायिक संघांनी ज्याला निवडीत घेतलंच नव्हतं, तो खेळाडू २००४ मध्ये राष्ट्रीय हॉकी लीगचा सर्वोत्तम ठरला.

"आणि बेसबॉल?" मी विचारते.

आजी गप्प होतात. विद्यापीठानं २००९ मध्ये खर्चाच्या कारणानं बेसबॉल आणि मुलींचा सॉफ्टबॉल बंद केला. १९०६ पासूनचं सेंटेनियल फील्ड मैदान मात्र उरलं, आणि उन्हाळ्यात तिथं लेक मॉन्स्टर्स या संघाचे खेळाडू बेसबॉल खेळतात. २०२० नंतर मोठ्या लीगनं आपले छोटे संघ कमी केले, तेव्हा त्यांचाही आधार तुटला. मग ते महाविद्यालयीन खेळाडूंच्या उन्हाळी लीगमध्ये गेले आणि २०२१ मध्ये, तिथल्या पहिल्याच हंगामात, विजेते झाले. लोक पूर्वीइतकेच येतात, असं आजी सांगतात.

आजींचं माहेर बॅरेचं. ग्रॅनाइटच्या खाणींचं ते गाव. काल त्या तिकडे नातीचा बास्केटबॉलचा सामना बघायला गेल्या होत्या. छोट्या शाळांचे राज्यपातळीवरचे सामने बॅरेच्या जुन्या ऑडिटोरियममध्ये होतात. सगळं राज्य त्याला नुसतं 'ऑड' म्हणतं. टेकाडावरची ती इमारत, लाकडी जमिनीच्या अगदी कडेपर्यंत भरलेली माणसं, एका बाजूला एक अख्खं गाव आणि दुसऱ्या बाजूला दुसरं. जुलै २०२३ मध्ये पुरानं बॅरे बुडालं तेव्हा घर गमावलेल्या माणसांना याच इमारतीत आसरा मिळाला होता. नंतरच्या हिवाळ्यात तिथं पुन्हा चेंडू नाचू लागला. आजी हे सांगताना टेबलावर तळहात आपटून चेंडूचा आवाज करून दाखवतात.

त्यांच्या नातीची शाळा इतकी लहान आहे की एकट्या शाळेचा आइस हॉकी संघ उभा राहत नाही. म्हणून शेजारच्या शाळांच्या मुली एकत्र येऊन एक संघ करतात. एका अंगरख्यावर दोन-तीन शाळांची नावं. इथं हे सर्रास चालतं. मुलं कमी होत चालली आहेत, अंतरं लांब आहेत, सरावाला जायला-यायलाच तास-दीड तास जातो. आणि मंगळवारी टाउन मीटिंग आहे. मार्चच्या पहिल्या मंगळवारी व्हरमाँटच्या गावांत लोक सभागृहात जमतात किंवा पेटीत मत टाकतात आणि रस्त्याच्या खर्चापासून शाळेच्या अंदाजपत्रकापर्यंत सगळं स्वतः मंजूर वा नामंजूर करतात. २०२४ च्या मार्चमध्ये घरपट्टीच्या धास्तीनं जवळजवळ एक तृतीयांश शाळांची अंदाजपत्रकं लोकांनी फेटाळली होती. तसं झालं की कात्री कुठे लागेल याची चर्चा सुरू होते, आणि खेळाचं नाव त्या चर्चेत फार लवकर येतं. लॉजमधल्या प्रत्येक टेबलावर आज तोच विषय आहे. मतं एकसारखी नाहीत. एक तरुण शेतकरी स्पष्ट म्हणतो की दुधाच्या भावात घरपट्टी भागत नाही. त्याचीच दोन पोरं बाहेर दोराला लटकलेली आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्याच्या चेहऱ्यावर दोन्ही दिसतात.

मला या चर्चेत ही टेकडी फार महत्त्वाची वाटते. ती १९९८ पासून ना-नफा संस्था आहे, कोणाचीही खाजगी मालमत्ता नाही, आणि पैशांअभावी कोणा मुलाला परत पाठवायचं नाही हा तिचा जाहीर नियम आहे. पाऊण तासावरच्या स्टो इथल्या मोठ्या डोंगरावरचं स्की केंद्र २०१७ मध्ये एका बड्या राष्ट्रीय कंपनीनं घेतलं. तिथं ऐन हंगामात एका दिवसाचं तिकीट खिडकीवर काढलं तर दोनशे डॉलरच्या वर जातं. व्हरमाँटच्या शेतकऱ्याचं पोर आपल्याच राज्याच्या डोंगरावर जाऊ शकत नाही, ही गोष्ट मला लाजिरवाणी वाटते. या राज्याचा स्कीइंगचा सगळा इतिहास तर कुरणांतून निघालेला आहे. अमेरिकेतला पहिला दोर १९३४ च्या जानेवारीत वुडस्टॉक गावात एका शेतकऱ्याच्या गायरानावर लागला, जुन्या फोर्ड गाडीच्या इंजिनावर. त्यानंतर गावोगाव असे दोर झाले. बहुतेक बंद पडले. विम्याचा खर्च वाढला, बर्फाचा भरवसा कमी झाला, मोठ्या डोंगरांनी गिऱ्हाईक ओढून नेलं. आज जंगलातून चालताना मध्येच गंजलेलं चाक आणि झाडोऱ्यानं भरलेला सरळ पट्टा दिसतो, तेव्हा समजायचं की इथं एका गावाची टेकडी होती.

बर्फाचा भरवसा हा इथं सगळ्यांच्याच काळजीचा विषय आहे. आजसुद्धा शर्यतीच्या पट्ट्यावर पांढरंशुभ्र आहे ते यंत्रांच्या कृपेनं. रात्री पारा खाली गेला की पाण्याचे बारीक तुषार उडवून बर्फ तयार करतात. पट्ट्याच्या बाजूला, उन्हाच्या तोंडावर, कुजलेल्या पानांची तपकिरी जमीन उघडी पडली आहे. जानेवारीतही मधूनच पाऊस पडतो, हे खोपटातले गृहस्थ सांगतात. त्यांच्या तरुणपणी असं क्वचित होई. टेकडी कमी उंचीची आहे, म्हणून झळ तिला आधी लागते.

जेवण झाल्यावर आम्ही झाडांच्या बाजूनं चालत जातो. निळ्या नळ्या कशाच्या ते आता कळतं. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊन, असं झालं की मेपलच्या झाडातून रस झरू लागतो. कॉक्रनांच्या नातवंडांनी टेकडीच्या अंगावरच मेपलचा पाक काढायचा धंदा सुरू केला आहे. चाळीस लिटरच्या आसपास रस आटवला की एक लिटर पाक. खेळाडूंनी धावताना, सायकल चालवताना शक्तीसाठी घ्यायच्या छोट्या पुड्याही ते याच पाकाच्या करतात. पाक करायच्या खोपीच्या छपरातून दाट वाफ निघते आहे आणि ती गोड वाफ उतारावरून खाली उतरते. ऑलिंपिकमध्ये किंवा विश्वचषकात उतरलेली माणसं इथं लाकडं टाकतात, नळ्या दुरुस्त करतात, आणि वेळ आली की मुलांच्या शर्यतीचे दांडे रोवतात. कोणी त्यांच्याभोवती गर्दी करत नाही. एका पोराच्या बुटाचा बक्कल तुटलेला असतो, ते अशाच एकाकडे पाय पुढे करून उभं राहतं आणि तो माणूस वाकून बक्कल बसवून देतो.

तिसऱ्या प्रहरी मोठ्या मुलांचा सराव लागतो. आता पट्ट्यावर स्लॅलमचे दांडे आहेत, एकमेकांच्या अगदी जवळ. बारा-चौदा वर्षांच्या मुली नडगीवर कवच बांधून येतात आणि दांडे पायांनी, मुठींनी धाडधाड बाजूला मारत खाली जातात. खाली उतरल्याबरोबर पाठ फिरवून दोराकडे. प्रशिक्षक एक वाक्य बोलतो, फार तर दोन. "नजर पुढच्या दांड्यावर नको, त्याच्या पुढच्यावर." मुलगी मान हलवते, मूठ आवळते, वर जाते. पुढच्या फेरीत तिचं वळण खरंच आधी सुरू होतं. मी बघते आहे म्हणून मलाही ते दिसू लागतं. सकाळी दिसलं नसतं.

नात माझ्या शेजारी येऊन उभी राहते. हेल्मेट काढलेलं, केस घामानं चिकटलेले. ती त्या मुलींकडे टक लावून बघते.

"त्या ताईला बघ," ती म्हणते. "तिनं पण एकदा गेट चुकवलं होतं. मला सांगितलं तिनं."

भाची कागद खोपटात देऊन येते. चारही दांड्यांची नोंद पुरी झालेली असते. पुढच्या रविवारची यादी दारावर टांगलेली आहे. वेळ मोजायला कोण, मार्ग सपाट करायला कोण, लॉलीपॉप कोणाकडे. भाची आपल्या नावापुढे खूण करते. मग पेन माझ्या हातात देते.

तुमच्यापैकी कोणाचा मुलगा, मुलगी, भाचा बॉस्टन-न्यूयॉर्ककडे असेल आणि हिवाळ्यात तिकडे जाणं झालं, तर उत्तरेला व्हरमाँटची एक फेरी कराच. स्टोचं महागडं तिकीट काढण्याआधी रिचमंडला उतरा, आणि शक्यतो रविवार गाठा. येताना घरचा डबा आणा, लॉजमध्ये जागा मिळते. हातमोजे चामड्याचे, जाड तळव्याचे घ्या. लोकरीचे हातमोजे दोर एका दिवसात फाडून टाकतो.